संक्रांतीचं वाण आणि ठसक्याची मिक्सटेप

माझ्या मुलीची मिक्सटेप मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून वाटून टाकली. सगळीच्या सगळी! वर प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवून 'गोड बोला' असंही सांगितलं.

मिक्सटेप म्हणजे काय, हे तेव्हा मलाही धड ठाऊक नव्हतं. शर्वरीनं (माझी मुलगी, वय चोवीस, रॅप करते) एकदा समजावलं होतं की दहा-बारा गाणी आपणच लिहायची, आपणच म्हणायची आणि कुठल्या कंपनीच्या दारात न जाता आपणच लोकांना वाटायची. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिचा स्टुडिओ म्हणजे माझं साड्यांचं कपाट. आत गोधड्या टांगलेल्या, दार बंद, आणि आतून 'ठसका' या नावानं ही बया ओरडतेय! पहिली टेप तिच्या मैत्रिणींनी ऐकली. दुसरी परभणीपर्यंत पोचली म्हणे. तिसरी पन्नास पेन ड्राइव्हमध्ये भरून ती शनिवारी पुण्याला एका कार्यक्रमात वाटणार होती. आमच्या ह्यांनी बजावलं होतं, "ही चालली तर ठीक. नाहीतर हे सगळं बंद, आणि गुमान स्पर्धा परीक्षेला बसायचं." ती हो म्हणाली होती. म्हणजे पोरीचं सगळं त्या पन्नास पेन ड्राइव्हवर होतं.

परीक्षेवरून आठवलं. कॉलनीत मी दोन वर्षं सांगत होते की शर्वरी परीक्षेचीच तयारी करतेय, कलेक्टर होणार! कपाटातून आवाज आला की म्हणायचे, "पाठांतर चाललंय." (एकदा आतून शिवी आली. मी म्हटलं, "इतिहास अवघड असतो हो.") पोरगी रॅप करते हे सांगायची मला लाज वाटायची, खरं सांगते.

तर हळदीकुंकू. शर्वरीला मी म्हटलं होतं, "पन्नासेक वाणं मागव गं ऑनलाइन." ती कपाटातून "हं" म्हणाली. कानात हेडफोन लावलेल्या माणसाच्या 'हं'वर विसंबू नये, ही अक्कल मला फार उशिरा आली. गुरुवारी दुपारी ती बाहेर गेलेली, आणि दाराशी एक खोकं दिसलं. आत मखमली लाल बटवे, प्रत्येकात एक चकचकीत पेन ड्राइव्ह. माझा ऊर भरून आला! गेल्या वर्षी शेजारच्या सुनीतावहिनींनी प्लास्टिकची गाळणी वाटून केवढा भाव खाल्ला होता! पेन ड्राइव्ह वाटणारी कॉलनीतली पहिली बाई मीच असणार होते.

"ह्ये काय वो, लिपस्टिक हाय का?" चार वाजता हळदीकुंकवाला आलेल्या एकीनं विचारलं.

"पेन ड्राइव्ह आहे. फोटो ठेवायला," मी मान वर करून म्हटलं.

साडेसहाला सुनीतावहिनींचा फोन आला. "अवो, या की जरा घरी. आत लई भारी हाय!" मला वाटलं, शर्वरीनं आरत्याबिरत्या भरून दिल्या असतील. मी पदर सारखा करत गेले. टीव्हीसमोर आठ बायका बसलेल्या, आणि टीव्हीतून माझी पोरगी म्हणत होती:

माय सांगती कॉलनीला, पोरगी कलेक्टर होणार,
पोरगी बसली कपाटात, सांगा अर्ज कोण भरणार?
पुस्तकं आणली दाखवायला, पान न् पान कोरं,
माय, तुझ्याच पोटची मी, कुणाला भितीस बरं?

आठही माना माझ्याकडं वळल्या. लोकांसमोर पितळ उघडं पडलं याचं वाईट वाटलंच, पण पोरीला हे सगळं कळत होतं आणि ती गप्प होती, याचं जास्त वाटलं.

शर्वरी घरी आली, रिकामं खोकं बघितलं आणि मटकन खाली बसली. "आई, नवे घ्यायला दमडी उरलेली नाही. शनिवारी मी काय वाटू? तिळगूळ?" ती ओरडली असती तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शुक्रवारी सकाळपासून मी दारोदार फिरले. "वाण परत मागताय? संक्रांतीचं?" सुनीतावहिनींनी कपाळाला हात लावला. "सवाष्णीला दिलेलं वाण कुनी परत घेतंय व्हय? अवदसा आठवली का काय तुमाला!" एकीनं सगळं पुसून त्यात भावाच्या लग्नाचा व्हिडिओ भरला होता. एकीनं तो देव्हाऱ्यात ठेवून मनोभावे पूजा केली होती, त्यामुळं पेन ड्राइव्हच्या तोंडात कुंकू! आणि एकीनं भाच्याला देऊन टाकला होता. भाचा कन्नडच्या रस्त्यावर जीप चालवतो, तो केव्हाच घाटाकडं गेला होता. संध्याकाळपर्यंत हाती लागले चार. त्यातला एक कुंकवाचा.

शर्वरी ते चार घेऊन पुण्याला गेली. तिथं गाण्यांना टाळ्या पडल्या, पण द्यायलाच काही नाही म्हटल्यावर लोक पांगले. ती परत आल्यावर ह्यांनी परीक्षेची पुस्तकं टेबलावर ठेवली. पोरीनं पहिलं उघडलं. कपाट आठ दिवस गप्प होतं. ज्या शांततेसाठी मी दोन वर्षं देवाला विनवत होते, ती आता मला खायला उठली.

नवव्या दिवशी शर्वरीला फोन आला, सोयगावच्या कॉलेजातून; नंबर तिनं टेपमध्येच दिला होता. "ते कलेक्टरवालं गाणं म्हणणाऱ्या ताई तुम्हीच का? गॅदरिंगला याल?" मग कन्नडहून, मग जालन्याहून. जीपवाल्या भाच्यानं ते गाणं दिवसातून बारा वेळा वाजवलं होतं आणि जीपवाल्या दोस्तांनाही दिलं होतं. ह्यांनी पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली. शर्वरी कपाटात परतली. (माझ्या साड्या आता कॉटखाली राहतात.) मला मात्र भाजीवालीसुद्धा विचारते, "कलेक्टरीणबाई बऱ्या हायेत का?"

परवा बहिणीकडं कन्नडला निघाले. जीप भरताच ड्रायव्हरनं तेच गाणं लावलं. सगळी जीप हसत होती. शेजारची म्हातारी हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "कसली खोटारडी माय असंल गं ती!"

मी ताठ बसले आणि अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाले, "ती माय मीच. आणि गाणारी माझी लेक आहे."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

"आपली बी पोरगी अशी मोठी व्हावी असं समद्यांनाच वाटतं, बाई," ती समजुतीनं म्हणाली. "पन त्याच्यासाठी इतकं खोटं बोलू नाय!"