एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग

बारामतीच्या एका मिस्त्रीनं मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या कळसमध्ये लोक अजून ही गोष्ट उलटी सांगतात आणि वर हसतात.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. सायकलवर दुधाच्या किटल्या वाहून मी वर आलो होतो आणि सैन्याच्या लिलावातला एक जुना ट्रक उचलला होता. मागच्यांसारखी त्याची पुढची चाकंही ओढायची. पाटाकडेच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतून बसायचा, तिथून माझा ट्रक ऊस घेऊन बाहेर यायचा. पण स्टेअरिंग असलं जड, की दोन खेपांनंतर मला सदऱ्याची गुंडी लावता यायची नाही. पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड तर बांधावर आपटून सारखा वाकायचा.

त्या साली अंथुर्ण्याचे एक तात्या, मोठे ऊसवाले, मला म्हणाले, "औंदा बांधाच्या कडेला उसाची नवी लागण हाय. ती न तुडवता माझ्या बांधावर एका दमात गाडी वळवून दाव. समदा हंगाम तुझा." तात्यांचा ऊस ज्याच्याकडं, त्याच्याकडंच शेजारच्या रानांचाही जायचा. मी तडक बारामती गाठली.

मिस्त्री कमी बोलणारा. गाडीखाली झोपला, उठला आणि यादी सांगितली. टाय रॉड लेथवर जाड करून घ्यायचा, त्याचे दोन्ही एंड नवे, पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंग पिन आणि बुश नवे. दोन दिवस मी घासाघीस केली. दोनदा रागानं उठून चहाच्या टपरीपर्यंत गेलो, दोनदा परत आलो. त्यानं एकदाही हाक मारली नाही, हे मी विसरलेलो नाही. शेवटी सौदा ठरला, आणि मी उठता उठता म्हणालो, "एवढं काम देतोय, वर कायतरी दे की. भाजीवर कोथिंबीर देत्यात का न्हाय?"

"काय देऊ?"

"स्टेअरिंग हलकं करून दे."

"पावर स्टेअरिंग घाला मग."

"ते न्हाय. वरचं फुकटात बसलं पायजे."

त्यानं पुन्हा एकदा गाडीखाली वाकून बघितलं. "करतो," म्हणाला.

गाडी मिळाली तेव्हा मी खुळाच झालो. स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. कळसपर्यंत सरळ डांबरी, त्यामुळं चाकं पुरती वळवायचा प्रसंग आलाच नाही, आणि घरापुढचं पटांगण तर बैलांनी झोपेतसुद्धा गाडी वळवावी एवढं. बायकोला वर चढवलं. तिनंही एका बोटानं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाली, "आता मीच जाते उसाला. तुमी भाकरी थापा."

दुसऱ्या दिवशी तात्यांचा बांध. बघायला निम्मं गाव आलेलं. मी एक बोट स्टेअरिंगवर ठेवून, मान ताठ करून गाडी घातली. स्टेअरिंग फिरलं, फिरलं आणि थांबलं. चाकं मात्र अर्धीच वळली. मागं घेतली, पुन्हा पुढं. पुन्हा मागं. चौथ्या फेरीला एक चाक पाण्याच्या चारीत आणि दुसरं लागणीवर.

तात्या बांधावर बसून होते. "शेठ," ते म्हणाले, "गाडी वळवताय का रान नांगरताय?"

मी खवळून बोललो, "तात्या, बांधच अरुंद हाय तुमचा!"

"व्हय की. पर गेल्या साली तू हितंच वळवली व्हतीस."

त्यांचा हंगाम कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका ट्रॅक्टरवाल्याला गेला. पाठोपाठ शेजारच्यांचाही गेला.

मी तसाच बारामतीला गेलो आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये आवाज चढवला. तो शांतपणे गाडीखाली बोट दाखवून बोलला. स्टेअरिंग बॉक्सखाली एक लोखंडी हात लोंबतो, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. तो पुढं-मागं होतो तशी चाकं वळतात. मिस्त्रीनं तिथं दुसऱ्या गाडीचा आखूड हात बसवला होता. हात आखूड असला की जोर कमी लागतो, पण तो ढकलतोही थोडंच.

"तुमी हलकं मागितलं. हलकं झालं का न्हाय?"

"झालं. पण वळंना!"

"वळायचं तुमी बोललाच न्हाय."

शेडमधले तिघं-चौघं हसले. मग त्यानं टेबलाखालून माझा जुना हात काढला. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून नीट ठेवलेला. तासाभरात परत बसवून दिला, मजुरी घेतली नाही. स्टेअरिंग पुन्हा जड झालं आणि गाडी वळायला लागली. लोक म्हणतात, एवढं केल्यावर भांडण कसलं?

भांडण त्या ग्रीसचं आहे. मी परत येणार हे माहीत असल्याशिवाय कुणी जुन्या लोखंडाला ग्रीस लावून पोत्यात गुंडाळतं का? गाडी वळणार नाही हे त्याला माहीत होतं. चावी हातात देताना तेवढं एक वाक्य बोलला असता, तर तो हंगाम माझा होता. फुकट मागितलं ही माझी चूक, मान्य. पण गप्प बसला तो मिस्त्रीच. आता त्याची शेड मोठी झालीय, पाटी लागलीय. तात्याही अजून धडधाकट आहेत. मिस्त्रीनं अंथुर्ण्याला यावं, त्या बांधावर तात्यांसमोर उभं राहावं आणि एवढंच सांगावं: माहीत होतं, तर बोललो का नाही?