चौदा नंबरचा तुकडा

थंड उत्तरेतल्या, विंडेल नदीकाठच्या त्या गावात इंगेगेर्दला सगळे 'मीठवाली' म्हणायचे. दर जूनमध्ये बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की ती पाठीवर पोतं घेऊन जंगलात शिरायची आणि झाडांखाली पांढरे दाणे फेकत चालायची. ते मीठ नव्हतं, नत्रखत होतं. पण शेजारचा आर्विद दुकानात गाठून विचारायचाच, "काय गं, यंदा जंगल अळणी तर नाही ना राहिलं?"

"तुझ्या हातच्या सुपापेक्षा बरं आहे," ती म्हणायची.

संशोधन केंद्राने जंगलात दहा-दहा गुंठ्यांचे तीस तुकडे आखले होते. काहींना काहीच द्यायचं नाही. काहींना वर्षाला साडेतीन किलो. गाड्यांच्या धुरातून आणि गोठ्यांच्या शेणामुतातून हवेत चढलेलं नत्र पावसाबरोबर उतरतं, त्याचा अंदाज यावा म्हणून. काहींना पंधरा किलो. मग झाडं, शेवाळ, माती मोजत राहायचं. वरून नत्र पडलं तर जंगल हवेतला कर्ब जास्त धरून ठेवतं का, एवढाच प्रश्न. शास्त्रज्ञ येत, चार वर्षांत पदवी घेऊन जात. खत फेकणारा हात मात्र इंगेगेर्दचाच राहिला.

तिचा नवरा तूरे लाकडाचा ट्रक चालवायचा. एका एप्रिलमध्ये तो गोठलेल्या नदीवरून स्नो-स्कूटरने घरी येत होता आणि बर्फ फुटला. तिसऱ्या दिवशी सापडला. जूनमध्ये ती कामावर हजर झाली तेव्हा केंद्रातले म्हणाले, "थांब की घरी थोडे दिवस."

"घरी काय करू?" ती म्हणाली, आणि पोतं उचललं.

त्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने चौदा आणि पंधरा नंबरच्या तुकड्यांचे, आकडे लिहिलेले खुंट आडवे झाले होते. तिने ते उचलून ठोकले, पण डोकं ठिकाणावर नव्हतं, एकाच्या जागी दुसरा ठोकला. ज्या चौदा नंबरला काहीच द्यायचं नव्हतं, त्याला तीन उन्हाळे पंधरा-पंधरा किलो मिळालं आणि पंधरा नंबर उपाशी राहिला. चौथ्या वर्षी एका पाइनच्या सालीवर जुन्या निळ्या रंगातला चौदाचा आकडा तिच्या नजरेला पडला.  तिने त्याच दिवशी खुंट बदलले आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर तूरेचं नाव काढावं लागलं असतं. आपल्या चुकीवर त्याच्या मरणाचं पांघरूण घालणं तिला जमेना.

एकोणीस वर्षं तिने ते पोटात ठेवलं.

मग लोव्हीसा नावाची तरुण संशोधक आली. हुशार, चिवट, सकाळपासून मातीत हात घालून बसणारी. एके दिवशी कॉफीच्या वेळी ती वैतागून म्हणाली, "हा चौदा नंबर मला वेड लावणार. खत नाही घातलेलं, तरी शेवाळ विरळ, गवत माजलेलं. एक तर माझी मापं चुकली, नाहीतर जंगल खोटं बोलतंय."

इंगेगेर्दने तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत बुडवलेला चीजचा तुकडा चमच्यावर तसाच धरून ठेवला. "जंगल नाही खोटं बोलत," ती म्हणाली. "मी बोललेय."

आणि तिने सगळं सांगितलं. बर्फ, खुंट, निळा आकडा. तूरेचंही.

लोव्हीसाने कप टेबलावर आपटला. "एकोणीस वर्षं? अगं, चार जणांनी या आकड्यांवर प्रबंध लिहिलेत! तू रोज त्यांच्यासमोर बसून कॉफी प्यायलीस!"

"प्यायले."

"कशी गं प्यायलीस?"

इंगेगेर्दने चमचा खाली ठेवला.

केंद्रप्रमुखांनी तिच्याकडून तुकड्यांचं काम काढून घेतलं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. ते तिने तळघरात मातीच्या नमुन्यांतली मुळं धुण्यात काढावं असं ठरलं. ती मुळं धुवत राहिली. तीन आठवडे लोव्हीसा तिच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी दारात उभी राहून म्हणाली, "चल. चौदा नंबर दाखव मला. कुठे, किती, कसं टाकलंस, सगळं."

दोघींनी तिथे खड्डा खणला. शेजारच्या, कधीच खत न पडलेल्या तुकड्यातही एक खणला. त्या मातीत मुळांभोवती बुरशीचे पांढरे धागे जाळ्यासारखे पसरलेले. चौदा नंबरात ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

"झाडाला आयतं नत्र मिळालं की ते या बुरशीला पोसायचं सोडतं," लोव्हीसा म्हणाली. "बुरशी उपाशी मरते. मग गळलेला पाला कुजवायला कोणी उरत नाही. तो साचतो. त्यात कर्ब साचतो."

"म्हणजे चांगलंच की."

"पंधरा किलोवाल्या तुकड्यांत कर्ब वाढलाय, हे खरं. साडेतीनवाल्यांत फरक इतका थोडा की नीट दिसतही नाही. आभाळातून पडतं ते तर त्याहून कमी. लोकांना वाटतं, दक्षिणेचा धूर उत्तरेतली जंगलं गिळतील. तेवढी भूक नाही गं यांना." तिने मूठभर माती चुरगाळली. "आणि तू तीन वर्षं टाकलंस, ते एकोणीस वर्षांनीही पुसलं गेलेलं नाही. हे मुद्दाम करून बघायची परवानगी मला कोणी दिली नसती."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"तुला बरं वाटावं अशी माझी अजिबात इच्छा नाही," लोव्हीसा म्हणाली. तरी जाताना दोन्ही फावडी तिनेच खांद्यावर घेतली.

इंगेगेर्दने आपल्या हाताने जबाब लिहून दिला. जुन्या चारही प्रबंधांना दुरुस्ती जोडावी लागली. चौदा आणि पंधरा नंबर हिशेबातून वगळले. निष्कर्ष बदलले नाहीत, फक्त त्यांची खात्री थोडी कमी झाली. चौघांपैकी तिघांनी काही कळवलं नाही. चौथा आता दूरच्या शहरात शिकवत होता. त्याने पत्र पाठवलं: 'माझ्या वडिलांच्या अंत्यविधीलाही न जाता मी त्या तुकड्यांत मोजमाप करत होतो. तू ते बघत होतीस. मी तुला माफ करू शकत नाही.'

तिने पत्र दोनदा वाचलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून एका ओळीचं उत्तर लिहिलं: 'नको करूस, तुझं बरोबर आहे.' पाकिटावर तिकीट लावलं, ते पोस्टाच्या पेटीत टाकलं, आणि मुळं धुवायला केंद्रावर गेली.