चिकूवाडीतली शिंपल्यांची गुहा

घोलवडच्या एका चिकूवाडीत शेठने रिसॉर्ट काढलं आणि मधोमध सिमेंटची गुहा उठवली. आत चिंचणीच्या किनाऱ्यावरचे शिंपले चिकटवलेले, वर निळा बल्ब. विलायतेत म्हणे बड्या लोकांच्या बागेत अशा गुहा असायच्या आणि आत पगारावर एक जोगी बसवायचे. शेठने ते कुठेतरी पाहिलं आणि त्यालाही जोगी पाहिजे झाला. धरून धरून धरलं कुणाला? माझ्या बाला!

बाचा जन्म चिकू उतरवण्यात गेला. गुडघे दुखायला लागले, झाडावर चढणं सुटलं. आता भगवी लुंगी नेसायची, दाढी वाढवायची आणि डोळे मिटून बसायचं. अट एकच, तोंड उघडायचं नाही. आणि माझा बा म्हणजे अखंड टकळी! उधव्याच्या बाजारात मीठ आणायला गेला तरी दुपार करायचा. वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा, मराठीत नाहीतर गुजरातीत. घरी आला की पुन्हा तेच सगळं आम्हाला. "बा, गप बस जरा, डोकं उठलं," असं मी रोज ओरडायची.

एका रविवारी पोरीला घेऊन मी तडक तिथे गेले. बाला हाताला धरून घरी आणायचं, असं ठरवूनच निघाले होते. गुहेपुढे मुंबईची माणसं फोटो काढत होती. पोर धावली, "आजा!"

बाने डोळे उघडलेच नाहीत. शेठचा माणूस म्हणाला, "महाराज मौनात आहेत, बेबी. हात जोड."

आणि माझ्या पोरीने सख्ख्या आज्याला हात जोडले. त्यानेही हात वर करून आशीर्वाद दिला, परक्याला द्यावा तसा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मेल्यांनो, तो माझा बा आहे!" मी किंचाळले. लोकांना वाटलं, हाही खेळच. एका बाईने माझाही फोटो काढला. पोरीला ओढत मी तशीच घरी परतले.

संध्याकाळी बा घरी आला तशी मी तुटून पडले. "उद्यापासून जायचं नाही! लाज कशी वाटत नाही? शोभेचं माकड केलंय तुझं!"

बाने भाकरी मोडली. "घरात बोलतो तर गप बस म्हणतेस. तिथे गप बसतो तर लोक हात जोडतात. मग मी बसू कुठे, सांग."

वाटोळं होवो त्या शेठचं! सकाळी बाने लुंगी मागितली. मी ती त्याच्या अंगावर फेकली.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

बाने लुंगी उचलली आणि काही न बोलता निघून गेला.