दाजींचा कराओकेचा पोशाख

आयुष्यात एकदाही चुकीचे कपडे न घातलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला चुकीचे कपडे घालायला लावले ते मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्या गमती सांगताना मी जरा जास्तच मोकळेपणानं हसलो तर तुम्हाला मला आवरता येईल. हे गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. राहायला भोरला, नोकरी वरवे बुद्रुकजवळच्या एका लहानशा कारखान्यात, जिथं मोटारींचे सुटे भाग तयार होतात. अंगानं किरकोळ, मिशी कातरीनं नेमकी केलेली, आणि घरात कपड्यांची तीन कपाटं, ज्यांत माझ्या मेहुणीच्या वाट्याला एक कप्पा आलेला आहे.

तुमच्या-माझ्या घरी कपड्यांचे दोनच प्रकार असतात, घरातले आणि बाहेरचे. दाजींच्या लेखी हा निव्वळ आळशीपणा. त्यांचा एसटीचा सदरा वेगळा आहे, धुळीच्याच रंगाचा, म्हणजे खिडकीशी बसलेला माणूस चढताना जसा होता तसाच उतरताना दिसतो. बँकेचा सदरा दोन खिशांचा, कारण एका खिशाच्या माणसाला तिथले साहेब बसा म्हणत नाहीत अशी त्यांची खात्री आहे. दवाखान्याचा सदरा सैल बाह्यांचा. गावच्या ग्रामसभेचा कडक इस्त्रीचा, पण कॉलर जरा विटकी, नाहीतर लोक म्हणायचे हा आता उभा राहतोय. पोरगी बघायला जायचा सदरा पिवळसर, त्यावर पोहे सांडले तरी दिसत नाहीत. आणि साखरपुड्याला ते कधीही कोट घालून जात नाहीत. पोरीच्या बापाला आजपासूनच दडपण कशाला, असं त्यांचं म्हणणं.

हा कटाक्ष स्वतःपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. एकदा आम्ही पालीला कुणाकडं तरी जेवायला गेलो होतो. राजगडाच्या पायथ्याचं गाव, त्यामुळं रविवारी सकाळी गड चढणाऱ्या पोरांची रीघ लागलेली. त्यातल्या एकाच्या काळ्या टी-शर्टावर भली मोठी कवटी होती. दाजींनी त्याला थांबवून शांतपणे विचारलं, की बाबा, गडावर चाललास का मसणात. पोरगं हसायला लागलं, तेव्हा दाजींनी पिशवीतून स्वतःचा जादा सदरा काढून त्याला घालायला लावला आणि उतरताना परत आणून द्यायला सांगितलं. आम्ही त्या सदऱ्यासाठी तिन्हीसांजेपर्यंत पालीत बसून होतो. पोरानं सदरा तर परत केलाच, वर दाजींच्या पाया पडलं. त्यानंतर गाडीत बायकोनं मला जे ऐकवलं ते इथं सांगत नाही.

पण दाजी खऱ्या अर्थानं कळले ते हिर्डोशीला. तिथं त्यांच्या सख्ख्या चुलत्यांचा दहावा होता. मी ऑफिसच्या सहलीहून परस्पर तिथं पोचलो, अंगात पोपटी टी-शर्ट आणि छातीवर समुद्र, नारळाचं झाड. दाजींनी मला लांबूनच पाहिलं, हाताला धरून गवताच्या गंजीमागं नेलं आणि एवढंच म्हणाले, "काढा." आपला पांढराशुभ्र सदरा त्यांनी मला घातला आणि ते नारळाचं झाड स्वतःच्या अंगावर चढवलं. मी गोंधळून अहो दाजी, अहो दाजी करत राहिलो, तर म्हणाले, "मला हितं समदी वळखत्यात. तुमी नवं. तुमची वळख जलमभर ह्या झाडावरनं राहील." मग सख्ख्या चुलत्याच्या दहाव्याला ते पहिल्या रांगेत समुद्र घेऊन बसले. बायाबापड्या हळहळल्या, की दुःखानं बिचाऱ्याला कपड्यांचंही भान राहिलं नाही. दाजी मात्र तो प्रसंग आपल्या चुकांत धरत नाहीत. ते कपडे माझे होते, असा त्यांचा हिशेब. त्यांचा सदरा माझ्याकडं राहिला तो राहिलाच.

तर अशा या माणसाला कारखान्यानं जपानला शिकायला पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका कंपनीकडून नवी यंत्रं येणार होती. बातमी कळली त्या दिवसापासून दाजींनी जपानच्या कपड्यांचा अभ्यास मांडला. यंत्रापाशी काय, देवळात काय, विमानात काय, सगळं ठरलं. अडलं एकाच ठिकाणी. शेवटच्या संध्याकाळी जपानी मंडळी पाहुण्यांना घेऊन बाहेर पडणार, आधी बसक्या टेबलांच्या खाणावळीत जेवण, मग कराओके. म्हणजे लहानशी खोली भाड्यानं घ्यायची, माईक हातात धरायचा, आणि दिवसभर ज्यांच्यासोबत काम केलं त्यांच्यापुढं गाणं म्हणायचं. त्याला काय घालतात, हे भोरमध्ये कुणालाच सांगता येईना. म्हणून दाजी मला विचारायला पुण्याला आले.

मलाच का, तर मी जपानला जाऊन आलो होतो. फार वर्षांपूर्वी, ऑफिसच्या कामाला. तिथल्या मंडळींनी मलाही रोज संध्याकाळी बाहेर बोलावलं होतं आणि रोज मी पोट बिघडल्याचं सांगून हॉटेलच्या खोलीत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलो होतो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. खिडकीतून खालच्या झगमगत्या पाट्यांचे फोटो मात्र भरपूर काढले, आणि परत आल्यावर सासरच्या प्रत्येक कार्यात ते फोटो दाखवून मी जपानच्या रात्रींची अशी काही वर्णनं केली, की सासरेबुवांनी एकदा मला बाजूला घेऊन जपून राहायला सांगितलं.

आता दाजी समोर बसले होते आणि मला ठाऊक नाही एवढं म्हणायचीही सोय उरली नव्हती. मला आठवलं, एका संध्याकाळी खिडकीतून काळ्या सुटातली, काळा टाय लावलेली चार-पाच माणसं एकत्र जाताना दिसली होती. मी ठोकून दिलं, की काळा सूट, पांढरा शर्ट, काळा टाय. दाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "काळा टाय? गाण्याला?" मी म्हणालो, तिकडं तसंच असतं. "तुमी बघून आलाय. तुमी म्हणताय तर तसंच," ते म्हणाले आणि उठले. त्यांच्या अंगातलं उपजत शहाणपण त्यांना बरोबर सांगत होतं, आणि मी ते खोडून काढलं. भोरच्या शिंप्याकडं सूट शिवला गेला. माप देताना दाजींनी त्याला बजावलं म्हणे, की छाती ढिली ठेव, वरचा सूर लागला पाहिजे.

दाजी जपानला पोचल्यावर काही दिवसांनी मी ही गंमत ऑफिसात सांगत होतो. आमच्याकडं एकजण तिकडं काही वर्षं राहून आलेला आहे. तो हसला नाही. म्हणाला, अहो, काळा टाय तिकडं अंत्यविधीला लावतात. फक्त अंत्यविधीला. दाजींचं गाणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. फोन माझ्या हातात होता.

दाजी परतले ते खुशीत. संध्याकाळ कशी झाली म्हणून मी चाचरत विचारलं, तर म्हणाले, कपड्यांचा लई परिणाम झाला. माझ्या बायकोला त्यांनी तिकडची उदबत्ती आणली होती, फिक्या जांभळ्या कागदातली लांबट पेटी. त्या उदबत्तीला आत काडीच नसते, नुसती बत्ती, जरा दाबली की मोडते. बायको ती वाटीतल्या तांदळात खोचून रोज देवापुढं लावायची आणि मी पेपर वाचता वाचता तो मंद वास छाती भरून घ्यायचो. सगळं ठीक झालं असं मी स्वतःला सांगून टाकलं होतं.

मग या वर्षी दिवाळीनंतर एकदा दाजींचा फोन आला, की येत्या रविवारी भोरला येऊ नका. आम्ही निघालो तरी जेवल्याशिवाय जाऊ न देणारा हा माणूस. माझ्या मनात एकच आलं, त्यांना कळलंय. मी कपाटातून त्यांचा तो हिर्डोशीचा पांढरा सदरा काढला, तोच घातला, आणि रविवारी सकाळी एकटाच भोरला गेलो. दारातच दाजी उभे. मला पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हाताला धरून त्यांनी मला घराच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी नेलं. गवताची गंजी नव्हती एवढाच फरक.

"पाव्हणं, आत वस्ताद बसल्यात," ते कुजबुजले. वस्ताद म्हणजे त्यांना यंत्र शिकवणारे जपानी गृहस्थ. कारखान्यात आले होते आणि दाजींनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. "आन् त्यांच्या हिशेबानं तुमी मेलाय."

मग त्यांनी तिथंच सगळं सांगितलं. खाणावळीत शिरताच सगळे गप्प झाले. जोडे काढले, बसले, कुणी मोठ्यानं बोलेना. शेवटी वस्तादांनी खिशातून मोबाईल काढला. त्यात बोललेलं दुसऱ्या भाषेत करून सांगायची सोय असते. फोन मराठीत म्हणाला, आपले कोण वारले? दाजींना क्षणात उलगडा झाला. चूक झाली म्हणून सांगावं, तर इतका वेळ दुःखी होऊन बसलेल्या यजमानांना ओशाळं करायचं. ते त्यांच्यानं होईना. म्हणून ते म्हणाले, माझा साडू.

"मीच का?" मी विचारलं.

"आता कुणीतरी मेल्याबिगर त्या कपड्याला अर्थच नव्हता. एकेकाचं नाव मनात आणून बघितलं. आई न्हाई, भाऊ न्हाई, बायको न्हाई." त्यांनी टाकीचा गळका नळ घट्ट केला. "टाय तुमचाच हुता."

तरीही मंडळी कराओकेला गेली, कारण खोली आधीच घेतलेली होती. वस्तादांनी माझ्यासाठी एक संथ गाणं म्हटलं. दाजींनी माईक धरून दहाव्याला म्हणतात तो गजर म्हटला आणि सगळ्यांनी त्यावर टाळ्यांचा ठेका धरला. "लई देखणा दहावा झाला तुमचा," दाजी म्हणाले, आणि त्यात चेष्टा नव्हती. निघताना वस्तादांनी विधवेसाठी म्हणून उदबत्तीची पेटी दिली.

 इतके दिवस मी ज्या वासानं सुखावत होतो तो माझाच होता.

आता मागं फिरायची सोय नव्हती, कारण माझा आवाज ऐकून मेहुणी बाहेर आली आणि आत चला म्हणाली. दाजींनी मला मयताचा धाकटा भाऊ करून आत नेलं. वस्ताद लगेच उठले, माझ्यापुढं खोल वाकले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ते काही बोलले, मग फोन बोलला, त्या फोनच्या कोरड्या, शाळेतल्या वाचनासारख्या आवाजात: आपले बंधू जग पाहिलेले होते. त्यांच्या सल्ल्याशिवाय हे यजमान काही करत नसत. असा माणूस गेल्याचं दुःख आहे.

हे दाजींनी तिकडं माझ्याबद्दल सांगितलं होतं. अंत्यविधीचा टाय गळ्यात घालून, तो मी घालायला लावला हे कळलेलं असताना. मी दाजींकडं पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मी वस्तादांच्या हातातला फोन घेतला आणि त्यात म्हणालो, की मेलेला साडू मीच. मी जग पाहिलेलं नाही, हॉटेलची खिडकी पाहिली आहे. कराओकेला मी कधीच गेलो नव्हतो. यांचे कपडे चुकले नव्हते, मी खोटं सांगितलं होतं. फोनला हे सगळं सांगायला बराच वेळ लागला. वस्तादांनी ते पुन्हा एकदा ऐकलं, माझा दंड दाबून पाहिला, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. जाताना ते दाजींना काहीतरी म्हणाले. फोन म्हणाला, पुढच्या वेळी निळा टाय आणा, आणि साडूलाही आणा.

ते गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. दाजींचं लक्ष माझ्या सदऱ्याकडं गेलं. त्यांनी कॉलर चिमटीत धरून पाहिली.

"ह्यो हिर्डोशीचा न्हाई व्हय?"

मी हो म्हणालो. परत द्यायला आणलाय, म्हणालो.

"राहू द्या. तुमाला बसलाय," ते म्हणाले, आणि माझी कॉलर सरळ करू लागले. मिशीत आता बरंच पांढरं दिसत होतं. सूट पुन्हा घालणार का असं विचारावंसं वाटलं, पण त्याआधी दुसरं एक सांगायचं राहिलं होतं, जे मी फोनलाही सांगितलं नव्हतं.

"दाजी, तुमच्या गाण्याच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं, की टाय काळा नको. फोन हातात होता. मी केला नाही. चुकलं माझं. मला माफ करा."