ज्येष्ठाचं ढेकूळ

अक्षय्य तृतीयेला आमच्या अंगणात चार ढेकळं मांडत. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा. त्यांच्यावर पाण्याने भरलेला मातीचा नवा करा ठेवायचा. तो हळूहळू पाझरायचा, आणि सकाळी ज्या महिन्याचं ढेकूळ भिजलेलं दिसेल त्या महिन्यात चांगला पाऊस. करा उचलायचा मान बाबांचा. तांबडं फुटताना आंघोळ करून ते एकटेच उचलत, नीट बघत, मगच फाटक उघडत आणि लोक आत येत. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या त्या लहान गावात निम्म्या घरांची कपाशीची लावण बाबांच्या तोंडाकडे बघून ठरायची.

मी त्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं होतं. त्याची नोंद मी वर्षानुवर्षं एका वहीत ठेवली होती, आणि रोजचा पाऊस नि तापमान रस्त्याकडच्या फलकावर खडूने लिहायची. आई गेल्यापासून घरात आम्ही बापलेकच. ढेकळांवरून मी त्यांना चिडवायची, ते माझ्या भांड्याला 'तुही बरनी', म्हणजे तुझी बरणी, म्हणायचे. तोवर ती थट्टाच होती.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षांत थट्टा संपली. सारखं हरणाऱ्या माणसाला दोष द्यायला कोणीतरी लागतं. हवामान बदलतंय, असं मी एकदा सभेत बोलले आणि गावाचे दोन तट पडले. चहाच्या हॉटेलात आमचे आत बसत, त्यांचे बाहेरच्या बाकावर. त्यांना आम्ही ढेकळवाले म्हणायचो, ते आम्हाला बरनीवाले. त्यांच्या मते हे सगळं बाहेरच्यांनी बियाणं खपवायला उठवलेलं खूळ होतं. आमच्यातल्या पोरांच्या मते दारातलं कोहळं सडलं तरी हवामान बदललेलं. दोन्ही बाजूंना वाह्यात बोलणं चाललं होतं, आणि मी फक्त समोरच्यांचं वाह्यात तेवढं दाखवत होते. मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही.

एका वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आठ दिवस आधी ग्रामसभा झाली. मी वही उघडून सांगितलं, पाऊस दरसाल उशिरा येतोय, यंदा धूळपेरणी करू नका. धूळपेरणी म्हणजे पावसाच्या भरवशावर आधीच कोरड्या मातीत बी टाकणं. वहीत दोन वर्षं पाऊस लवकर आल्याची नोंद होती. ती पानं मी पटकन उलटली. हवामान बदलतंय हे खरं असलं, तरी त्यावरून यंदाचा पाऊस अमक्या दिवशी येईल असं कोणाला सांगता येत नाही, हेही मला ठाऊक होतं. तेही गिळलं. मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, उंटावरून शेळ्या नका हाकू!"

"ढेकळाले इचारून शेती करनाऱ्याले मी कायले शिकवू?" मी म्हणाले.

मोठा हशा झाला. बाबा मागच्या रांगेत बसले होते. ते उठून घरी गेले, आणि त्या दिवशी आम्ही वेगवेगळे जेवलो.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फाटक उघडलं, तेव्हा ज्येष्ठाचं ढेकूळ भिजून गाळ झालं होतं. "जेठ भिजला. टाका बी," ते म्हणाले. त्यांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

शेजारी चाचा राहायचे. फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, आणि थोडी शेती होती. हॉटेलात आत-बाहेर कुठेही बसायचे, दोन्हीकडचे पंप त्यांच्याचकडे येत. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बाबांशेजारी येऊन बसले. "बेटा, तू म्हनतं थांबा. भाऊ म्हनते टाका. मी कोनाचं आयकू?"

"ज्याचं पटते त्याचं आयका, चाचा. मले काय इचारता?" मी फणकारले.

"सारं गाव टाकून राह्यलं," बाबा म्हणाले.

चाचांनी सरकी टोबली, एकेक बी कोरड्या मातीत खोचलं. मृगात एक सर आली, तेवढ्यावर कोंब वर आले, आणि मग आभाळ कोरडं ठक्क झालं. मे महिन्यासारखं ऊन पुन्हा पेटलं. कोंब जगवायला चाचा आणि चाची विहिरीवरून घागरी वाहायचे आणि तांब्याने एकेका रोपाला पाणी घालायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी चाची धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, कोसळल्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

चाचींना माती देऊन लोक परतले, आणि हॉटेलात त्यांच्या मरणावरूनच जुंपली. आमचे म्हणाले, बघा, हवामान बदलानं बाई गेली. त्यांचे म्हणाले, ऊन काय आजचं आहे का, तिची तब्येतच नाजूक होती. एक पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, फलकावर मोठ्ठं लिवा आज." आणि मी लिहिलं. त्या दिवसाचं तापमान, दुप्पट मोठ्या आकड्यांत, खाली दोन रेघा मारून. चाचा त्याच रस्त्याने सायकल हातात धरून गेले. माझी मला आजही शरम वाटते.

पुढच्या वर्षी बाबांनी करा आणलाच नाही. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, "जेठ कोरडा होता, बाई. तू म्हनलं तसाच. फाटक उघडाच्या आंधी मी तांब्यानं पानी टाकलं."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, असं त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. पण मला वहीतली ती दोन पानं आठवली. मी वही आणली आणि सभेत उलटलेली तीच पानं त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चाल. त्याले सांगू."

चाचा दुकानात एका पंपाचं वायसर बदलत होते. आधी बाबा बोलले, मग मी. ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत. वायसर बसलं, त्यांनी दट्ट्या दोनदा ओढून पाहिला आणि पंप बाजूला ठेवला.

"एका चुलीवरचं खाता तुमी दोघं," ते म्हणाले. "मले नाई त नाई, एकमेकाले तरी खरं सांगाचं होतं."