जत्रेआधीची पिशवी

"सिस्टर, सुरेखाला तेवढी एक रक्ताची पिशवी लावून द्या. माहेरच्या जत्रेला जायचंय तिला," तिच्या सासूबाई म्हणाल्या. मोबाईलचा रिचार्ज मागावा तसं.

भोर-वेल्ह्याच्या डोंगराकडल्या एका सरकारी दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. सुरेखा तेवीस वर्षांची, सिकलसेलची पेशंट. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. तिचं हिमोग्लोबिन सात-साडेसातच्या वर जात नसे. तेवढ्यावर ती घर आणि गुरं सांभाळायची. माहेर वरच्या माळावर, दीड तासाची खडी चढण. लग्न, जत्रा, कुठेही जायचं असलं की सासरचे तिला पिशवी लावून न्यायचे. आम्हीही लावत आलो होतो, हे सांगायला हवं.

या खेपेला नव्या डॉक्टरांनी तिचं फेरिटिन करायला लावलं होतं. फेरिटिन म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज. रिपोर्टवरचा आकडा बघून मी दोनदा नाव तपासलं. तिचंच होतं.

सासूबाईंना मी समजावलं. प्रत्येक पिशवीबरोबर लोह आत जातं. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. मग ते लिव्हरमध्ये साठतं, हृदयात साठतं, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतं. या आजारात ते अस्तर आधीच खरवडलेलं असतं. आता लोह उतरवणारी गोळी रोज पाण्यात कालवून घ्यायची, आणि गरज नसताना पिशवी बंद.

"मग ऱ्हाऊ दे जत्रा," त्या म्हणाल्या. "वाटंत पडली तर तिच्या आईला म्या काय सांगू?"

बाई वाईट नव्हत्या. गेल्या साली रक्त मिळालं नव्हतं, तेव्हा पिशवीविना निघालेली सुरेखा निम्म्या चढणीवर सांधे धरून बसली होती आणि तिथूनच परत फिरली होती.

सासूबाई चहाला गेल्यावर सुरेखा बोलली. आईला गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही. दोन वर्षं भेट नाही. फोन होतो कधीमधी.

"फोनवर नुसता आवाज येतो, सिस्टर. तिच्या हाताला शेळ्यांचा वास असतो. त्यो फोनमधनं येत न्हाई."

मी विचारलं, वाडीतलं आजारी माणूस खाली कसं आणता? बांबूला घोंगडी बांधून, डोलीत, ती म्हणाली.

"मग तशीच वर जा."

"डोलीतनं खाली येत्यात, सिस्टर. वर कोण गेलंय? लोक हसतील."

"हसू देत. हसण्यानं लोह वाढत नाही."

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अटी घातल्या: ऊन व्हायच्या आत पोचायचं, वाटेत पाणी पीत राहायचं, दुखायला लागलं तर माघारी. तिच्या भावाचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. तो आणि तीन चुलतभाऊ डोली घेऊन उतरले. "आमी लग्नात चालत आलो, ही बघा राणीवाणी निघाली," असा टोमणा मारत सासूबाईंनी तिच्या पिशवीत भाकरी बांधून दिली.

तीन दिवस राहून ती डोलीतूनच परत आली. कसं झालं विचारलं, तर म्हणाली, आईनं बराच वेळ डोलीतून उतरूच दिलं नाही, तशीच धरून बसली. फेरिटिन अजूनही जास्तच आहे. गोळी चालू आहे, वेळ लागेल.

हल्ली बरं असलेलं कुणी पिशवी मागायला आलं, की बीपी घेता घेता मी आधी विचारते, कुठं जायचंय.