मनोहरभाऊंनी बदललेली पाटी

आमच्या घरात पुस्तक ठेवायला फळी नव्हती. बा गावतलावात जाळं टाकायचे, आई धानाच्या रोवण्याला जायची आणि तलाव आटला की दोघंही मिळेल त्या मजुरीला. या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण त्या कॉलेजात टिकले ती मनोहरभाऊंमुळे. दीड महिन्यापूर्वी तिथल्या शिपायाचा फोन आला, "बाई, मनोहरभाऊ गेले. कावीळ पोटात मुरली होती म्हनतेत." मी नागभीडच्या फलाटावर उभी होते. गाडी आली आणि गेली. मी चढलेच नाही...

भाऊ आमच्याच गावचे. नागभीडच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. दहा कॉम्प्युटर आणि इंटरनेटची एकच लाईन. एका दुपारी कोण्या पोराने नको ते चित्र पडद्यावर उघडं ठेवलं आणि आमच्या बॅचच्या मुली नेमक्या तेव्हाच आत गेल्या. संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा झाला. बा म्हणाले, "उद्यापासून जाऊ नोको." प्राचार्यांनी भाऊंना आठ दिवस दिले. तेवढ्यात बंदोबस्त झाला नाही तर मुलींची बॅच बंद.

भाऊंनी अडगळीतला एक कॉम्प्युटर काढला, त्याचा प्रॉक्सी सर्व्हर केला आणि बाकी सगळ्यांचं इंटरनेट त्याच्यातून वळवलं. त्यात एक यादी केली, एका ओळीत एका साइटचं नाव. यादीतलं नाव कोणी मागितलं की पडद्यावर लाल अक्षरांत पाटी यायची, 'घाणेरडी साइट. बंद आहे.' आदल्या दिवशी कोणी काय उघडलं ते भाऊ रोज सकाळी वाचायचे आणि यादीत नवी नावं घालायचे. मग एक दिवस बांनाच लॅबमध्ये घेऊन आले.

"पाहा काकाजी, आता घान येत नाई."

बा पडद्याकडे पाहत राहिले. "पन मनोहर, चांगलंही अडकत असन नं? जाळ्यात बारकी मासोई फसते, थे आमी सोडून देतो."

"सोडू नं काकाजी. कोनी सांगतलं की लगेच सोडू."

त्या भरवशावर मी पुन्हा लॅबमध्ये जाऊ लागले.

पुढे पोरं एका साइटवर तासन्‌तास चॅटिंग करू लागली. भाऊंनी ते नावही यादीत घातलं, नावाआधी टिंब देऊन. टिंब दिलं की त्या नावाखालचं सगळं कुटुंब बंद होतं, चॅटिंगही आणि ईमेलही. माझा ईमेल तिथेच होता. एम.एस्सी.साठी नागपूरला अर्ज केला होता आणि मुलाखतीचं बोलावणं ईमेलने यायचं होतं. मी पत्ता टाकला आणि समोर ती लाल पाटी आली. शेजारच्या मुलीने वाकून वाचलं. मी झटकन पडदा बंद केला आणि घरी आले. विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण लाल पाटी ज्याच्या समोर आली, तो वाईट, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर कळलं, बोलावणं त्या बंद ईमेलवरच येऊन पडलं होतं. भाऊंनी ती यादी माझ्यासमोर उघडली आणि त्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"मले विचारलं काऊन नाई?"

"काय विचारू? घानेरडी साइट पाह्यत होती म्हनले असते सारे."

"अन् म्या काय म्हनलो असतो?"

मी उठून घरी आले. त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी बोललेच नाही. एक वर्ष गेलं होतं माझं. बांना मात्र मी भाऊंची चूक कधी सांगितली नाही...

भाऊंनी स्वतःची बाजू एकदाही मांडली नाही. यादीतली ओळ सुधारली, चॅटिंग तेवढं अडवलं. मग ती लाल अक्षरं काढून टाकली आणि नवी पाटी लिहिली.

यंदा मार्कंड्याच्या जत्रेत भेटले तेव्हा त्यांचे डोळे पिवळे दिसत होते. "अन्न गोड लागत नाई अलीकडं," म्हणाले. मी घाईत होते. दवाखान्यात गेलात का, हेही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये गेले. तिथली एक मुलगी काहीतरी शोधत होती आणि तिच्या समोर पाटी आली. काळी, साधी अक्षरं. 'ही साइट बंद आहे. काम अडलं असेल तर मनोहरला सांगा. कोणी काही म्हणणार नाही.' त्या मुलीने पडदा बंद केला नाही. हात वर केला.

त्या हुकलेल्या मुलाखतीनंतर दुसऱ्या वर्षी माझी निवड झाली आणि मी एम.एस्सी. झाले. मुलींची बॅच कधी बंद पडली नाही.